दुसरे नेवीवाले काका

देवराव लांजेवार रायपूरला राहायला यायच्या आधी आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात 'नेवीवाले काका' म्हटलं की लोक माझ्या घराकडे बोट दाखवत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते कोणत्या पोटातून येतंय ते वाचणाऱ्याला कळेल. मी त्या माणसाचा मत्सर केला. पाच-साडेपाच वर्षं, दर रविवारी, नेमानं केला.

माझी नेवी म्हणजे पंधरा वर्षांची कारकुनी. नौदलात कारकुनाला रायटर म्हणतात. सुट्टीचे अर्ज, बदलीचे हुकूम, रेल्वेचे पास, सगळे कागद त्याच्या टेबलावरून जातात. पंधरापैकी चौदा वर्षं मी मुंबई, कोची आणि विशाखापट्टणमच्या कचेऱ्यांमध्ये पंख्याखाली काढली. एक वर्ष जहाजावर होतो, तेही टाईपरायटरपुढे, पायांत बादली धरून. समुद्र मला मानवला नाही. पुढे बँकेत लागलो आणि वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीनं वर्ध्याहून ज्या गावात आणून टाकलं होतं, त्या रायपूरला परत आलो.

रायपूरहून सगळ्यात जवळचा समुद्र रात्रभराच्या गाडीवर आहे. त्यामुळे इथं कोणी खोलात विचारत नसे. बैठकीत माझा पांढऱ्या गणवेशातला फोटो होता. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला मराठी मंडळात माझं दहा मिनिटांचं भाषण ठरलेलं. त्यात एक वादळ असे. डेकवर उभं राहून कठडा धरलाय, डोक्यावरून लाट जातेय, आणि कप्तानाचा निरोप घेऊन पुढच्या टोकाला पोचायचंय. हे वादळ मी एका खलाशाकडून ऐकलं होतं, तो सुट्टीच्या फॉर्मवर सही करायला आला तेव्हा. पहिल्या वर्षी मी ते 'आमच्यातला एक जण' म्हणून सांगितलं. दुसऱ्या वर्षी 'आम्ही' झालं. तिसऱ्या वर्षापासून 'मी'.

लांजेवार आले ते गणपतीत. त्यांचा मुलगा नवा रायपुरात सरकारी कचेरीत लागला होता, शंकर नगरात घर घेतलं होतं, आणि बायको वारल्यावर भंडाऱ्याला एकट्यानं राहू नका म्हणून त्यानं बापाला उचलून आणलं होतं. आरती झाली आणि मंडळाचे सेक्रेटरी एका बुटक्या, रुंद माणसाला माझ्यापुढे घेऊन आले. तो माणूस पाय फाकवून चालत होता, जणू फरशी कधीही एका अंगाला कलेल. डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत चुरगळलेल्या कागदासारखी.

"उमाठे साहेब, हे पण नेवीतलेच!" सेक्रेटरी म्हणाले.

त्या माणसानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. डावा कान बहिरा असल्यामुळे तो ओरडूनच बोलायचा. "कोनतं जहाज?"

मी विशाखापट्टणमच्या कचेरीचं नाव सांगितलं.

"हव हव! म्हन्जे सिमेटचं जहाज!" आणि तो इतका मनापासून हसला की आजूबाजूचे वीस-पंचवीस जण वळून पाहायला लागले. "बरं झालं जी. तुमच्यासारख्यायनं तिथं कागद केले म्हनून आमाले इथं जेवाले भेटलं. मी लांजेवार. इंजिन रूम. तेवीस वर्सं."

त्यात कुचकं काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. प्रसाद वाटेपर्यंत लोक त्यांच्याभोवती गोळा झाले होते आणि कोणीतरी त्यांना 'नेवीवाले काका' म्हणून हाकही मारली. मी वळलो. हाक माझ्यासाठी नव्हती.

रविवारची बैठक माझीच होती, हे मला सांगितलंच पाहिजे. मी आणि साहूजी, असे आम्ही दोघं बरीच वर्षं माझ्या ओसरीत बसत होतो. साहूजी धमतरीकडचे, नौदलात स्वयंपाकी होते, तीनशे माणसांच्या पोळ्या केल्याच्या आठवणी सांगत आणि माझं वादळ ऐकून घेत. लांजेवार आले आणि महिन्याभरात बैठक तेलीबांधा तलावाच्या काठावर गेली. तलावाभोवती फिरायला रस्ता आहे, दिवे आहेत, आणि रायपूरकर त्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात. लांजेवारांना हे कळलं तेव्हा ते खाली बसून हसले. "मरीन ड्राइव्ह! चला ना मंग, आपन नाही जाव तं कोन जाईन?"

तिथं टपरीवर चहा येई. लांजेवार स्वतःचा स्टीलचा मग आणत आणि टपरीवाल्याला पाऊणच भरायला लावत. काठोकाठ भरला तर थोडा ओतून टाकत. "हलते," एवढंच म्हणत. तलावाचं पाणी तसूभर हलत नसे, बाकाचे पाय सिमेंटमध्ये पुरलेले, तरी तेवीस वर्षांत लागलेला हात काठोकाठ कप सहन करू शकत नव्हता. दोन-तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की टपरीवर येणारे इतर लोकही पाऊण कप मागायला लागलेत. ही त्यांची एक गोष्ट मला फार लागे. ते काही शिकवत नसत, लोक आपोआप त्यांच्यासारखं करायला लागत. मी पन्नास वर्षं ज्या गावात राहिलो तिथं माझ्यासारखं कोणी काही केल्याचं मला आठवत नाही.

कोणी घाई केली की ते म्हणत, "काहून घाई करून राहिले? समुद्र कुटं पळून चालला काय?" हे रायपुरात, जिथं समुद्र कधी आलाच नाही. बँकेतली पोरं हे वाक्य एकमेकांना म्हणायला लागली.

एका रविवारी फिरायला आलेल्या चार-पाच जणांपुढे मी माझं वादळ काढलं. लांजेवार होते, पण मला राहवलं नाही. मला वाटलं, एक तरी गोष्ट माझी असू दे. मी कठड्यापर्यंत आलो आणि साहूजींनी, अगदी सरळपणानं, तोंडातला पापड गिळत विचारलं, "भैया, एक बात बताओ. तूफान में तो ऊपर के सब दरवाज़े बंद कर देते थे. हमको तो झाँकने भी नहीं देते थे. आप डेक पे कैसे पहुँच गए?"

इतकी वर्षं ऐकून साहूजींना हा प्रश्न कधी पडला नव्हता. लांजेवारांच्या शेजारी बसून पडला. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. लोक माझ्याकडे पाहत होते.

"निरोप असन," लांजेवार म्हणाले. "कप्तानचा हुकूम असला का दरवाजा उघडते. रायटरले जावं लागते कदी कदी. साहूजी, तुम्ही खाली पोया लाटत होते, तुमाले काय मालूम?" मग लगेच टपरीकडे वळून, "अरे बाबू, मेरा चाय कम भरना."

गोष्ट तिथंच मिटली. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, आणि त्यावरून मला कळलं. या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेवीस वर्षं जहाजावर काढलेल्या माणसाला माझ्या वादळातलं एक वाक्य ऐकून कळलं असणार. मी त्यांचे आभार मानायला हवे होते. त्याऐवजी घरी येऊन मी शैलाला म्हणालो, "तो लांजेवार जरा जास्तच बोलतो."

शैला म्हणजे माझी बायको. ती भाजी निवडत होती. "तुम्हाला तो आवडत नाही," ती म्हणाली, "पण तुम्ही त्याच्याबद्दल जितकं बोलता तितकं आपल्या पोरीबद्दलही बोलत नाही."

मग पंपाचं झालं. आमच्या बोअरचा पंप पंधरा दिवस घरघर करत होता. तीन मिस्त्री येऊन गेले. एकानं मोटार बदला म्हटलं, एकानं पाईप बदला, तिसरा तर पुन्हा आलाच नाही. लांजेवार मला बोलवायला घरी आले होते, त्यांनी आवाज ऐकला. उजव्या कानानं. वहिनी, लांब पेचकस आहे काय, म्हणाले. त्या स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर टेकवलं, मूठ आपल्या जबड्याच्या हाडाला लावली, आणि डोळे मिटून उभे राहिले. ओट्यावर टेकून कोणी भजन ऐकावं तसे.

"मोटार चांगली हाय," दोन मिनिटांनी म्हणाले. "पाईपही चांगला हाय. खालचा नट ढिल्ला हाय, थो नाचून राहिला." पाना मागितला, पालथे पडले, आवळला. पंप शांत झाला.

शैला त्यांच्याकडे ज्या तऱ्हेनं पाहत होती तसं तिनं माझ्याकडे बँकेच्या प्रमोशनच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. "कान बहिरा, तरी ऐकू येतं भाऊ तुम्हाला?"

"हाडानं आयकतो वैनी. मशीन खोटं बोलत नाही. मानूस बोलते, त्याच्यासाठी कान पाह्यजे." आणि हसले. त्यांना मी अभिप्रेत होतो असं मला वाटलं. शैला म्हणते, मुळीच नाही.

त्यांच्या हाताच्या भाजल्याची गोष्टही ते सांगत, पण विनोदी करून. एकदा इंजिन रूममध्ये वाफेचा पाईप फुटला, सगळीकडे पांढरं झालं, आणि ते नेमके चहा आणायला वर गेले होते म्हणून वाचले. "चहानं जीव वाचवला माहा. तेवापासून चहाले नाही म्हनत नाही." मग हात कसा भाजला, कोणी विचारलं तर, "चहा सांडला!" लोक खो-खो हसत.

मला ती गोष्ट कधी पटली नाही. चहा सांडून कोपरापर्यंत तसं होत नाही. माझ्या मनात आलं, हाही माझ्यासारखाच. कुठलीतरी लपवाछपवी आहे, काहीतरी चूक केली असणार, पळाला असणार. या विचारानं मला जे सुख झालं ते सांगायला लाज वाटते. बरेच दिवस ते सुख मी जपून वापरलं. मग राहवेना. माझ्या बॅचचा एक रायटर नाशिकला असतो. आम्हा रायटर लोकांचं जाळं असतं, कोण कुठल्या जहाजावर कधी होतं हे कोणाला तरी आठवतंच. त्याला फोन केला. लांजेवार, इंजिन रूम, भाजल्याची काहीतरी भानगड, जरा विचारून पाहा.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. मी ओसरीत उभा राहूनच ऐकला.

पाईप फुटला तेव्हा लांजेवार खरंच वर होते. चहासाठीच. सगळे बाहेर पळत असताना हा माणूस आत गेला. एकाला ओढून आणलं. पुन्हा गेला. दुसऱ्याला आणलं. तिसऱ्यांदा गेला तेव्हा वरून दोघांनी त्यांना धरून ठेवायचा प्रयत्न केला होता. तिसरा माणूस त्यांच्या हाताखालचा स्टोकर, म्हणजे बॉयलरवरचा खलाशी होता, तुमसरकडचा, सव्वीस वर्षांचा. तोही बाहेर आला, पण दुसऱ्या दिवशी गेला. लांजेवार अडीच महिने दवाखान्यात होते. प्रशस्तिपत्र मिळालं होतं.

"तुला काय वाटलं होतं?" नाशिकवाल्यानं विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, सहज.

खोटं बोलणाऱ्याचा हेवा करता येत नाही, त्याची कीव येते, आणि मला तीच हवी होती. आता माझ्यापुढे असा माणूस होता ज्याच्याजवळ अख्ख्या गावाला गप्प बसवेल अशी गोष्ट होती, आणि तो ती चहावर संपवत होता. मी मात्र दुसऱ्याच्या लाटेत पंचवीस वर्षं भिजत होतो. त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही, आणि रविवारी मी गेलो नाही.

त्याच वर्षी सव्वीस जानेवारीला मंडळानं आम्हा दोघांचा सत्कार ठरवला. दोघांचा परिचय लिहायचं काम माझ्याकडे, कारण मराठी टाईप मलाच येतं. माझ्याबद्दल मी एक परिच्छेद लिहिला. लांजेवारांबद्दल एक ओळ: 'श्री. देवराव लांजेवार यांनी तेवीस वर्षे नौदलात सेवा केली.' सगळं माहीत असताना तेवढंच लिहिलं. सेक्रेटरींनी वाचून दाखवलं तेव्हा लांजेवार मान हलवत होते, जणू अगदी बरोबर लिहिलंय.

मग त्यांना बोलायला सांगितलं. माईक त्यांनी बाजूला सारला, त्यांना गरज नव्हती.

"मी काई भाषणवाला मानूस नाही. एक गोष्ट सांगतो. विशाखापट्टणमले होतो. घरून तार आली, माय सिरियस. जहाज सकाळी निघनार. साहेबानं सुट्टी देल्ली, पन कागद नाही. आमच्याइथं कागदाबिगर मानूस गेटच्या बाहेर पाय ठेवत नाही. हापीसात गेलो तं कुलूप लावून राहिले होते. एक रायटर होता. चस्मेवाला, काडीसारखा. म्या काई म्हनलं नाही, नुसती तार देल्ली हातात. त्यानं कुलूप उघडलं. टाईप केलं. साहेबाची सही आनाले सोताच्या सायकलनं गेला. रेल्वेचा पास बनवून देल्ला. मी घरी पोचलो तेवा माय बोलत होती. माह्याशी बोलली. मंग गेली."

ते माझ्या खुर्चीकडे वळले.

"त्याचं नाव मी विचारलं नाही. हे उमाठे साहेब त्याच खात्यातले. इंजिन आमी चालवलं, पन आमाले यायनं चालवलं. टाया वाजवाच्या असन तं यायच्यासाठी वाजवा."

टाळ्या वाजल्या. खूप वेळ वाजल्या. आयुष्यात मला मिळालेल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या, आणि त्याही त्यांनीच दिलेल्या. मी चष्मा काढून पुसला. माझ्या डोळ्यांपुढे येत होते ते निराळेच चेहरे. कुलूप लावताना जे आले आणि ज्यांना मी 'उद्या या' म्हटलं, ते. अशा पोरांची गणती मी ठेवली नव्हती. त्यांच्यापैकी कोणाच्या हातात काय कागद होता, तेही मी पाहिलं नव्हतं.

घरी जाताना मी त्यांना विचारलं, "तो रायटर मी होतो का?"

"तुमी असान बी, नसान बी," ते म्हणाले. "काय फरक पडते जी? चस्मा तं होता."

त्यानंतर मी ठरवलं की फेड करायची. मंडळाची स्मरणिका निघणार होती. मी त्यांच्यावर चार पानांचा लेख लिहिला. पाईप, वाफ, तीन खेपा, तुमसरचा स्टोकर, सगळं. हे प्रायश्चित्त म्हणून करतोय असं मला वाटत होतं. आता विचार केला तर दिसतं, त्यातही मला काहीतरी हवंच होतं. त्यांनी जे लपवलं ते मी उघड करणार होतो. लोक म्हणणार होते, उमाठ्यांनी शोधून काढलं.

लेख घेऊन मी शंकर नगरात त्यांच्या घरी गेलो. सुनेनं चहा दिला, "बाबूजी अंदर हैं" म्हणाली. ते गच्चीवरून काढलेले कपडे घडी घालत होते, एकेक शर्ट सुरळीसारखा घट्ट गुंडाळून. लेख वाचायला त्यांना बराच वेळ लागला. वाचता वाचता खाली बसले.

"कोनी सांगतलं?"

मी नाशिकच्या मित्राचं सांगितलं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचा हळू आवाज ऐकला. "त्या पोट्ट्याची माय जिती हाय. पंच्याऐंशीच्या वर हाय ते. मी दरसाल जातो तुमसरले. पह्यल्यांदा गेलो तेवा हात गळ्यात बांधेल होता. तिनं एकच विचारलं, त्याले लय तरास झाला काय. मी म्हनलं, नाही माय. फट्टकन झालं. त्याले मालूमबी नाही पडलं." त्यांनी मांडीवरचे कागद सरळ केले. "पूरा एक दिवस होता थो. बाजूच्या खाटेवर. आवाज देत होता. माह्या डाव्या बाजूनं होता, पट्टी होती कानावर, तरी आयकू येत होतं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मी चहा आनाले गेलो होतो हे खरं हाय, साहेब. त्यानं म्हनलं होतं, मी जातो. मी म्हनलं, तू राह्य, पाय मोकळे कराचे हायेत, मीच जातो." कागद त्यांनी माझ्याकडे सरकवले. "हे छापलं तं कोनीतरी तिले वाचून दाखवन. भंडारा-तुमसरचे किती लोक हायेत इथं. फाडा तुमीच. मी फाडन तं तुमाले वाईट वाटन."

मी तिथंच फाडले. चार पानं, आठ तुकडे. सुनेनं कचऱ्याची टोपली पुढे केली तेव्हा तिला वाटलं असेल, काय गंमत चाललीय म्हाताऱ्यांची.

आता ती माय नाही. गेल्या उन्हाळ्यात गेली. म्हणून हे लिहितोय. तरी पोराचं नाव लिहीत नाही.

एवढं झाल्यावर मत्सर संपायला हवा होता. संपला नाही. उलट त्याला धरायला जागा उरली नाही म्हणून तो जास्तच सैरभैर झाला. त्यांच्या दुःखाचासुद्धा मला हेवा वाटला, हे शैलाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही डॉक्टरला दाखवा." पण माझं वादळ मी त्या वर्षापासून सांगणं बंद केलं. मंडळात कोणी विचारलंही नाही, वादळ का नाही म्हणून.

गेल्या हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला. तलावाच्या अर्ध्या फेरीत तीनदा बसत. तशातच विशाखापट्टणमहून निरोप आला, त्यांच्या जहाजावरचे जुने इंजिन रूमवाले जमणार होते, तीसेक जण. मुलगा जाऊ देईना, डॉक्टरही नको म्हणत होता. लांजेवारांनी बॅग भरली.

"तुमीबी चला," मला म्हणाले. "माह्या लोकायले भेटवतो तुमाले."

मी डोळ्यांपुढे आणलं. तीस इंजिन रूमवाले, प्रत्येकाजवळ खरं वादळ, आणि मध्ये मी.

"गुडघे दुखतात हो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग जरा वर पाहिलं. "गुडघे दुखते का पोट?"

मी हसलो नाही. तेच हसले, आणि हसता हसता खोकला आला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून खोकला ओसरेपर्यंत उभे राहिले. म्हणजे हेही त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. वादळासारखंच. पाच वर्षं माझ्याशेजारी बसून त्यांनी तेही झाकून ठेवलं होतं.

ते परत आले नाहीत. संमेलन झालं, दोन दिवस खूप बोलले म्हणे, जुन्या मित्राच्या घरी राहिले होते. चौथ्या दिवशी सकाळी दाढीला बसले आणि तिथंच गेले. मुलगा धावत गेला. तीस म्हाताऱ्यांनी पांढरे शर्ट घालून त्यांना पोचवलं आणि राख होडीतून समुद्रात नेली. साहूजी फोनवर रडत मला हे सांगत होते. "बड़ा भाग लेके आए थे भैया, समुंदर मिल गया." आणि मी, खरं सांगतो, त्या क्षणीही पहिल्यांदा तोच विचार केला. यातही गडी पुढे गेला. आपल्या राखेला इथली खारून नदी. मग ओसरीत बसलो तो शैलानं उठवेपर्यंत उठलो नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते रायपूर स्टेशनावर. संध्याकाळची गाडी, एसीचा डबा. मुलगा आत सामान लावून उतरला आणि पाण्याची बाटली आणायला गेला. मी खिडकीपाशी उभा होतो. काच बंद, आतलं दिसत होतं पण ऐकू काही येत नव्हतं. लांजेवारांना बसून पाच मिनिटंही झाली नव्हती आणि समोरच्या बाकावरचं जोडपं, वरच्या बर्थवरचा एक तरुण, शेजारची म्हातारी, सगळे त्यांच्याकडे वळून बसले होते. हात हलवून काहीतरी सांगत होते ते. मी निघायच्या विचारात होतो. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, आणि त्याचाही मला राग आला.

मग त्यांनी खिडकीकडे बोट केलं. माझ्याकडे. आतले सगळे एकदम माझ्याकडे पाहायला लागले. लांजेवार बोलत होते, एक हात कठडा धरल्यासारखा, दुसऱ्या हातानं लाटेची उंची दाखवत होते. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. जोडप्यातल्या बाईनं मला हात जोडले. वरचा तरुण खाली वाकला आणि काचेतून मला सॅल्यूट केला, चुकीच्या हातानं, डाव्या.

मी काच ठोकून नाही म्हणायला हवं होतं. मान तरी हलवायला हवी होती. गाडीनं शिटी दिली. तीस वर्षांनी माझा हात आपोआप वर गेला, तळवा खाली, बोटं जुळलेली, आमच्या नेवीत करतात तसा. लांजेवारांनी ते पाहिलं. त्यांनी बोलणं थांबवलं, बसल्या जागी पाठ सरळ केली, आणि तो चुरगळलेला हात मांडीवर ठेवून उजवा हात कपाळाशी नेला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी कोणाला सॅल्यूट केलेला मी पाहिला नव्हता. डबा हलला, मागचा आला, मग त्याच्या मागचा. माझा हात वरच होता.